देवबागचं कार्ड, १९३१

चि. गुणाजीस आशीर्वाद.
नारळी पुनव झाली. नारळाला यंदा भाव नाही,
म्हणून दर्याला दोन वाहिले.
सोनेरी कागद तेवढा सोलून ठेवला,
पुढल्या सालाला.

गणपती दीडच दिवस.
विचारील त्याला सांगितलं, आत्याला बरं नाही.
आत्या तेव्हा अंगणात लाकडं फोडत होती.
मोदकात गूळ कमी, खोबरं दाबून;
पोरांनी बोटं चाटली.

गोदीतलं तुझं काम सुटल्याचं
जानू तांडेलाकडून कळलं.
तू लिहिलं नाहीस.
पाडी विकली, मीही लिहिणार नव्हते.

आता कडेला, उभं, बारीक लिहिते:
मनिऑर्डरीची काळजी नको.
जानूकडे सुके बांगडे दिलेत,
खोलीतल्यांना वास सोसवेल का?

जागा संपली.
पत्ता जुनाच घालते.
तिथंच आहेस ना?