'ते' कुठं ठेवायचं?

कॉलेज रोडला, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत
मंगळवार-शुक्रवार, संध्याकाळी सात ते आठ.
धात्रक मॅडम सांगतात:
फ्रेंचमध्ये नाम अनवाणी बाहेर पडत नाही.
पुढं 'ल' लागतो, नाहीतर 'ला'.
घोळका असला की 'ले',
मग त्यात बाई कोण, बाप्या कोण, विचारायचं नाही.

मी गंगापूर धरणाच्या अंगाला, वाइनरीत,
चव द्यायच्या टेबलामागं उभी असते.
मालक म्हणाले, पाहुणे येतात, चार शब्द शीक, फी आम्ही भरू.

वाइन: ल व्हां. पुरुष.
बाटली: ला बुतेय. बाई.
ग्लास परत पुरुष.
म्हणजे बाईच्या पोटातला पुरुष
दुसऱ्या पुरुषात ओतायचा, असं मी मोठ्यानं बोलले,
तर बोरस्त्यांचा शशिकांत इतका हसला
की मॅडमनी खिडकी लावून घेतली.

कात्री आपल्याकडं ती.
छाटणीत तळव्याला घट्टे पाडते तीच कात्री
तिकडं सेकातर, आणि तो.
वेलाचं तर आमच्या घरातच मिटलेलं नाही.
माहेरी, ओझरला, ती वेल.
सासरी, मोहाडीत, तो वेल.
सतरा वर्षं झाली, कुणी हटत नाही.
फ्रेंचांनी निकाल दिला: ला व्हीन्य.
सासूबाईंना सांगितलं.
त्या म्हणाल्या, त्यांच्या बागेवर कधी डावणी आली होती का?

पण माझं अडलं तिसऱ्यापाशी.
द्राक्ष ते. पाणी ते. घर ते, दार ते,
आणि बहिणीचं अकरा दिवसांचं,
अजून नाव न ठेवलेलं,
ते.
मॅडम, 'ते' कुठं ठेवायचं?
तिथं दोनच खोल्या आहेत, त्या म्हणाल्या, वाटून टाकायचं.
द्राक्ष पुरुषांत गेलं.
घर बायकांत गेलं, दारासकट.
आणि पाणी?
लो.
पुढं स्वर आला की 'ल' काय, 'ला' काय,
आपला स्वर उंबऱ्याबाहेर काढून ठेवतात, चपलेसारखा.
वर टिकलीएवढी खूण राहते.
आत कोण गेलं ते दिसत नाही,
पाठच करावं लागतं: बाई आहे.
मूलही तसंच. लाँफाँ.
मुलगा की मुलगी, दारातून कळत नाही.
वहीत मी त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

फेब्रुवारीत लिआँचे एक आजोबा आले.
मी धीर करून म्हटलं, ल बुतेय.
मॅडम असत्या तर त्यांनी डोळे मिटले असते.
आजोबांनी ऐकून घेतलं.
मग ग्लास पुढं केला आणि पुण्यात शिकलेल्या मराठीत,
एकेक शब्द तपासून ठेवत, विचारलं,
'थोडी पाणी? ती गार आहे?'

मी जग उचलला.
ओठांवर आलेलं 'ते' तिथंच धरलं.
गार आहे, मी म्हटलं,
आणि वाक्य तेवढ्यावरच ठेवलं.