चुना

इश साकनाल, आज जमीन फोडायची आहे.
तुमचा धाकटा मुवान वेगळा निघाला, ओढ्यापलीकडे.
खांब उभे राहिले, झावळ्या चढल्या,
पण त्याच्या जमिनीखाली अजून कोणी नाही.
खाली कोणी नाही ते घर नव्हे, नुसता आडोसा,
हे तुमचंच बोलणं.
तो तुमच्यातलं थोडं मागतो आहे.
मी म्हटलं, विचारून सांगते.

सात पावसाळे मी तुमच्यावर झोपले.
कूस बदलली की माझ्या बरगडीखाली
हातभर खोल तुमचं कपाळ.
तोक घोरायला लागला की मी
हलक्या आवाजात भांडायला घ्यायचे:
चुना जास्त नव्हता.
कधीच नव्हता.
मका सुटायला तेवढा लागतोच.

तुम्ही पाट्याशी बसून,
माझ्या पिठाचं बोट जिभेला टेकवायचात,
आणि सगळं अंगण ऐकेल असं:
"जास्त."

मग तोच मका मी तुमच्या तोंडात ठेवला,
त्यावर हिरवा मणी,
चेहऱ्यावर लाल कडेचा वाडगा उपडा.
वरून चुना ओतला, गुळगुळीत दगडानं
तीन दिवस घोटला.
तेव्हा कोणी काही म्हणालं नाही.

आता राळेचा धूर कोंडलाय.
मुवान गारगोटीची कुदळ मारतो,
चार घाव,
पाचव्याला आवाज पोकळ येतो.
आत तुम्ही केवढ्याशा.

मांडीचं हाड त्याला दिलं.
त्याच मांडीवर तो झोपायचा,
फडक्यात गुंडाळतानाही तसाच वाकला होता.
दातसुद्धा नेऊ दे म्हणाला, दोन दिले.
उजवा हात मागितला.
नाही म्हटलं.
का, ते त्याला सांगितलं नाही.

माझी आई तीन मुक्कामांच्या वाटेवर,
भावाच्या चुलीमागे आहे.
तिच्यावर रात्री कोण कूस बदलतं,
मला कळायचं नाही.
मी इथलीच होणार. तुमच्या डावीकडे
जागा आहे, आज डोकावून पाहिली.
मुळं आलीत तिथे थोडी.

तोकनं खड्डा बुजवला.
नवा चुना कालवायला मीच बसले,
आणि कोण जाणे कशी
बोट बुडवून जिभेला लावून बसले.
भाजली.

आवाज न करता थुंकले.
तुम्ही ऐकलं असेलच.