अंगठा

रुस्तावीच्या बाजारात गाड्या जहाजानं येतात.
बंदराचं नाव पोती, आणि उतरतातही पोत्यांसारख्याच:
एखादी पुरात बुडालेली, एखादी खांबाला आपटलेली,
एखादीच्या सीटखाली अजून फ्लोरिडाची वाळू.

बाहेरचं पत्रेवाले बघतात. आतलं मी.
बादली, मऊ ब्रश, चार फडकी,
आणि नुगझारने मागवलेली बाटली:
दोन फवारे मारले की
कशालाही चामड्याचा वास येतो.

"चार वाजता गिऱ्हाईक आहे. करड्या वॅगनला फवार.
विचारलंच तर सांग, अस्सल."

अस्सल ओळखायला मला नाक लागत नाही.
सगळ्यात आधी नाकच फसतं.
मी अंगठा दाबते.
चामडं अंगठ्याभोवती आठ्या घालतं,
झोपमोड झालेल्या माणसासारखं.
व्हिनाइल नुसतं खाली जातं, वर येतं.
मग छिद्रं. चामड्याची वाट्टेल तशी,
मध्येच तारेचा जुना ओरखडा,
म्हणजे जनावर कुंपणातून निसटू बघत होतं.
व्हिनाइलवर तीच नक्षी वीतभर पुढे पुन्हा,
आणि पुन्हा, पाढे म्हणणाऱ्या पोरासारखी.
तरी शंका उरली तर सीटखाली हात घाला,
स्टेपल मारलेत तिथे.
कापलेली कड खोटं बोलत नाही:
एकीला लव, दुसरीला विणलेलं कापड.

पाण्याच्या थेंबावर मात्र विसंबू नका.
हल्ली चामड्यावरही रंगाचा थर असतो,
थेंब तिथेही बसून राहतो, जावयासारखा.

वॅगनमध्ये चामडं होतं पुढच्या दोन सीटांना,
तेही पाठ टेकते तेवढंच.
बाजू, दारं, मागचा बाक: व्हिनाइल.
आधीच्या मालकानं सगळ्यांना एकच तेल चोपडलं होतं.
चामडं ते पिऊन गप्प बसलेलं.
व्हिनाइलवर चिकट धूळ.

व्हिनाइलला साबणाचं कोमट पाणी, खाचांतून ब्रश,
कोरडं फडकं, झालं.
तेल नको, पेट्रोल तर नकोच, उन्हापासून तेवढं जपा.
चामड्याला पाणी बेतानं, बोटभर क्रीम,
आणि मग सावलीत त्याचं त्याला राहू द्यायचं.
चामडं सगळं मनाला लावून घेतं:
घाम, जीन्सचा निळा रंग, बाळानं ओकलेलं दूध.
व्हिनाइल काहीच लावून घेत नाही,
आणि एखाद्या जानेवारीत शिवणीपाशी तडकतं.

बाटली मी फवारली नाही.
म्हणजे, एकदा. ड्रायव्हरच्या दारावर.
पगार त्याच्याकडून घेते मी.

चारला मक्वाला आली, तेलावीपलीकडून,
सत्तरीची, गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट.
पुढे बसलीच नाही.
मागचं दार उघडलं, बाकावर अंगठा दाबला.

"अस्सल चामडं, बाई," नुगझार म्हणाला. "वास घ्या."

"चामडं? मग नको."

नुगझारचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"डोंगरावरून कळप उतरतो तेव्हा
लंगडी कोकरं मी मागच्या बाकावर आणते. मुततात.
त्यांना काय नातेवाइकांवर बसवू?"

नुगझारनं माझ्याकडे पाहिलं. मी बादलीकडे.
"मागचं व्हिनाइल आहे," मी म्हटलं.
"धुतलं की निघतं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.
"एकतीस वर्षं बुटांच्या कारखान्यात होता हा अंगठा.
तुम्हा दोघांत कोण सांगतं, तेवढंच बघायचं होतं."

मग तिनं भाव पाडला.
आधी चाकांचे पैसे कमी केले, मग दाराच्या ओरखड्याचे,
आणि शेवटी, नुगझारकडे न बघता, सेंटचे.

पुढच्या सीटांना काय लावायचं, ते मला विचारलं.
मी सांगितलं. लोणी चालेल का, म्हणाली.
नाही म्हटलं. "बरं झालं, लोणी महाग आहे."

जाताना तिनं चारही काचा खाली केल्या.