इतिवृत्तात लिहून घ्या

बैठक साडेतीनची. आम्ही तीनपासूनच
ग्रंथालयाच्या ओट्यावर, सहा जण,
मागण्यांच्या झेरॉक्सवर चपला ठेवून,
कारण वारा होता, अन् राइसमिलचा तूस.

टेंभुर्णे सर गणिताचे. हिशोब मांडून आणलेला:
एका तासाचे इतके, महिन्याचे इतके,
मे महिन्याचे शून्य, जूनचे शून्य.
शून्यांखाली दोन-दोन रेघा.
कुळसंगे मॅडम इस्त्रीची निळी साडी नेसून आल्या.
म्हणाल्या, "मुलाखतीला हीच असते.
अकरा जुलै झाले. एकाच खुर्चीसाठी."

आत कूलर होता, त्यांच्याकडे तोंड करून.
अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, चंद्रपूरचे एक वकील,
पलीकडे गादीच्या खुर्च्या,
अलीकडे आमच्याच वर्गातले बाक.
माझ्या बाकावर कुणीतरी कर्कटकानं कोरलं होतं: रोशनी.
पूर्ण वेळ मी त्या नावावर बोट ठेवून बसलो.

"तुम्ही तर घरचेच माणसं," अध्यक्ष म्हणाले,
"घरात का कुठं करार असते?"
"घरात हजेरीबुक पण नसते, भाऊसाहेब," टेंभुर्णे सर.
प्राचार्य हसले. एकटेच हसतोय हे पाहून थांबले.

मागणी क्रमांक एक माझी होती.
आदल्या रात्री सगळ्यांनी नाक मुरडलं होतं तिला,
"मराठीच्या माणसाले पैशापेक्षा शब्दच महाग."
मी उभा राहिलो, सवयीनं,
मग बसलो, अन् वाचलं:
करारात जिथे जिथे 'मानधन' आहे
तिथे 'पगार' लिहावा.

वकिलांनी चष्मा काढला.
"फरक काय पडतो?"

मी समास सोडवून दाखवला नाही.
एवढंच सांगितलं, की किराणावाले चिंधूभाऊ विचारतात,
"सर, पगार झाला का?"
तेव्हा हो म्हणता येत नाही, नाही पण म्हणता येत नाही.
की मानाचं म्हणून दिलेलं धन
कमी पडतं म्हणायला जावं
तर मानच जास्तीचा मागितल्यासारखा होतो.
की पगार थकतो. मानधन थकत नाही,
ते नुसतं येत नाही.

तेवढ्यात कूलरचं पाणी संपलं. पंखा कोरडा फिरला.
मडावी बादली घेऊन आला, ओतली,
अन् दाराशी थांबून म्हणाला,
"साहेब, आमच्या कागदावरबी तेच लिहून आहे."
त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मागणी एक विचाराधीन.
दोन ते चौदा पुढच्या गुरुवारी.
सचिवांनी इतिवृत्तात लिहिलं,
'सौहार्दपूर्ण वातावरणात चर्चा झाली.'
कुळसंगे मॅडम पर्स उचलता उचलता म्हणाल्या,
"झाली नाही. सुरू झाली, लिहा."

पेन थांबला.
मिलचा भोंगा वाजला, वाजत राहिला.
मग 'झाली'च्या आधी काकपद देऊन
सचिवांनी ओळीच्या वर, जागा नव्हती तिथे,
लिहिलं: सुरू.

अक्षर खराब होतं.
वाचता येत होतं.