ब्रेडच्या डब्यामागे

बँकेची पाकिटं मी फोडत नसे.
पातळ, पांढरी, खिडकीतून माझंच नाव दाखवणारी:
श्री. क्लिफर्ड स्टॅमर, ग्रिम्सबी.
मी नाव वाचायचो, माझंच आहे याची खात्री करायचो
आणि ब्रेडच्या डब्यामागे सरकवायचो.

बोट भंगारात निघाली त्याला आठ वर्षं झाली होती.
मी गोदीवरच्या शीतगृहात रात्रपाळीला
दुसऱ्यांनी धरलेल्या मासळीची खोकी मोजत होतो.
पगार शुक्रवारी जमा व्हायचा.
गॅसचं बिल गुरुवारी कापलं जायचं.
एवढंच.
त्या दोन वारांमधल्या एका रात्री
तीन पौंड चाळीस पेन्स कमी पडले
आणि बँकेने पस्तीस पौंड घेतले.
ते घेतले म्हणून पाण्याचं बिल परत गेलं.
ते परत गेलं म्हणून आणखी पस्तीस.
बोटीत पाणी शिरलं तर कुणीतरी यावं,
बादलीचं भाडं मागावं,
आणि भाड्यापोटी तळाची एक फळी उपटून न्यावी,
तसं.

बेरिलला पाकिटं सापडली नोव्हेंबरात, उंदीर शोधताना.
ती ओरडेल म्हणून मी तयारीत होतो.
ती ओरडली नाही.
हॅडक साफ करायची सुरी घेऊन बसली
आणि एकेक पाकीट पोटाशी चिरत गेली.
आतलं सगळं टेबलावर.
सहा वर्षांत तेवीस वेळा दंड.
सातशे सदतीस पौंड, पन्नास पेन्स.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते.
एका पोराच्या ताटाला किती खर्च येतो
ते गाजराच्या कापासकट पेन्सात सांगते.
तिने विचारलं,
"हे एक पत्र पाठवायला त्यांना किती पडत असेल?"
मी म्हटलं, ते कंप्युटर पाठवतो.
"मग कंप्युटरला पस्तीस पौंड कशाला हवेत?
त्याला पोरंबाळं आहेत?"

त्या रात्री तिने लिहिलं:
आपला प्रत्यक्ष खर्च किती झाला ते कळवावे.
तो आम्ही देऊ.
उरलेले परत करावेत.

उत्तर आलं: ग्राहक म्हणून आपण आम्हाला मोलाचे आहात.
मोल किती ते लिहिलं नव्हतं.
मग फोन आला. एक तरुण, गोड आवाजाचा मुलगा,
सदिच्छा म्हणून शंभर पौंड देतो म्हणाला.
"सदिच्छा तुझ्या आईला दे, बाळा," बेरिल म्हणाली,
"मला हिशेब दे."

आजवर आम्ही दंड भरत आलो होतो.
आता हिने दंड थोपटले.
पाच फूट एक इंच, कार्डिगनच्या कोपराला ठिगळ,
कोर्टाचा फॉर्म निळ्या शाईने भरला, खाडाखोड न करता.
फी भरली ऐंशी पौंड,
आणि ख्रिसमसला आम्ही टर्कीऐवजी हॅडक खाल्ला.
मी काही बोललो नाही.
चांगला होता हॅडक.

तारीख लागली मार्चमध्ये.
मी लग्नातला कोट बाहेर काढून वाऱ्याला टांगला.
दोन दिवस आधी पाकीट आलं.
पातळ, पांढरं, खिडकीवालं.
तिने ते माझ्यापुढे ठेवलं, सुरी बाजूला ठेवली.
"हे तू फोड."

वीस हिवाळे उत्तर समुद्रात काढले या हातांनी.
दोरखंडावरचा बर्फ कुऱ्हाडीने फोडलाय.
पाकीट फोडायला मला
चहा निवेपर्यंतचा वेळ लागला.

चूक मान्य न करता, असं लिहिलं होतं,
आणि खाली चेक, कोर्टाच्या फीसकट.
आठशे सतरा पौंड.
बेरिलने चष्मा लावला, कपाळावर ढकलला, पुन्हा लावला.
"पन्नास पेन्स कमी आहेत."

मी हसलो. ती नाही.
तिने कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं.
मी उठून पोस्टाचं तिकीट शोधायला गेलो.