खिळा

एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर काढला
की काच आंधळी होते.
मुहर्रकमधली ऑगस्टची रात्र,
दोरीवरचा टॉवेल सकाळी होता त्याहून ओला.
थेंबाचा फोटो काढायला निघालेल्या माणसाला
पहिली अडवणूक थेंबांचीच.
पुसायचं नाही, पुसलं की फराटे उठतात.
अर्धा तास गच्चीवर बसायचं, पालथ्या बादलीवर,
काच बाहेरच्या उकाड्याला सरावेपर्यंत.
मला सरावायला अडीच वर्षं लागली.

कॅमेरा रोमेलचा. मनिलाला कायमचा परत जाताना
तीस दिनारांत देऊन गेला,
पट्ट्यावर त्याच्या घामाची पांढरी नक्षी अजून आहे.

एसीच्या नळीतून थेंब पडतो, दर चार सेकंदांनी.
खाली काळा ट्रे, काठोकाठ पाणी.
पहिले दोनशे फोटो: धूर.
थेंब होता, पण नुसता होता,
हजेरीपटावर आपण असतो तसा.

ऑटोफोकस बिचारा इमानदार.
घरघरतो, पुढे जातो, मागे येतो,
आणि शेवटी पलीकडच्या टाकीवर जाऊन टेकतो,
कारण टाकी हलत नाही.
पडल्यावर बघू म्हणावं, तर गेला.
पडायच्या आधी बघावं, तर तिथे काहीच नाही.
नाही त्याच्यावर नजर रोखायची कशी?

रजब अली नोआखालीचा,
दिवसभर लोकांच्या एसीच्या कॉइली ॲसिडने धुतो.
माझा खेळ बघत बिडी ओढत होता.
उठला, खिशातून दोन इंची खिळा काढला,
थेंब पडतो नेमका तिथे
पाण्यात उभा धरला.
"इसको देखो," म्हणाला, "ये भागेगा नहीं."

खिळ्याच्या माथ्यावर बारीक चौकडी असते
हे मला त्या रात्री कळलं.
ती दिसेपर्यंत रिंग केसाकेसाने फिरवली.
मग ऑटो बंद, रिंगवर चिकटपट्टी.
एफ अकरा. फ्लॅश अगदी बारीक,
उजेड इतका थोडका
की थेंबाला हलायला सवड नको.
"हं, काढ."
त्याने खिळा काढला.
जागा तशीच राहिली.

एकदा त्याचा हात मागे यायला उशीर झाला.
थेंब चौकटीबाहेर, पाणी नुसतं काळं,
आणि मधोमध रजब अलीचा अंगठा,
लख्ख.
मोठा करून पाहिला:
भेगा, भाजल्याचे पांढरे डाग,
आणि एका कोपऱ्यात तीनचार रेषा,
ओहोटीनंतर वाळूवर राहाव्यात तशा.

"है?" त्याने विचारलं.

कार्डाच्या ऑफिसात मशीन चारदा नाही म्हणालं होतं.
हात धुऊन ये, म्हणाली बाई. आला.
कोरडे करून ये. आला.
कुणी खोबरेल सांगितलं, कुणी लिंबू.
माणूस काउंटरसमोर उभा,
पासपोर्ट हातात, फोटो त्याचाच,
आणि ठसा सापडेना.

त्याने स्क्रीन डोळ्यांजवळ नेली,
मग हातभर लांब धरली.
"ये मेरे को भेजो."
थेंबाचे नकोत. हाच.

पहाटे पहाटे एक थेंबही लागला.
मुकुट वगैरे काही नाही,
पाण्यापासून बोटभर वर, एकटा, गोल,
कडा सुरीसारखी.
आत समोरच्या खिडकीचा पिवळा चौकोन, उलटा.
टाकी उलटी.
टाकीला टेकलेला एक ठिपका,
तो रजब अली असावा. आणखी मोठं केलं तर विरतो,
म्हणून मी करत नाही.

मी ओरडलोच, "मिळाला!"
तेवढ्यात कुठलंसं विमान गच्चीवरून उतरलं,
ट्रेमधलं पाणी शहारलं.
बिडी दातांत धरून, काही न बोलता,
त्याने खिळा पुन्हा उभा केला.