खडा

फ्रिजवर नियमांचा कागद लावलाय.
पुठ्ठ्याची बांधणी नको. तारेची नको.
जुनं नको, नाव घातलेलं नको,
घरून पाठवलेलं तर मुळीच नको,
दुकानातून थेट तिच्या नंबरावर.
म्हणजे माझा हात लागता कामा नये.

पहिल्यांदा पक्ष्यांचं पाठवलं.
तीन आठवड्यांनी परत आलं, वर शिक्का: नकाशे आहेत.
होते खरे. क्रौंच कुठून निघतात,
प्लॅट नदीवर किती दिवस उतरतात, पुढे कुठे जातात,
सगळं बाणांनी दाखवलेलं.
दुकानातली ओपल म्हणाली, "लेलंड, बाण नसलेले पक्षी
मी तरी कुठून आणू?"

मार्नीचं मागणं एवढंच: जाड असू दे, अक्षर बारीक चालेल.
धीर देणारं नको, तसली इथे ढिगानं पडलीत.

चाळीस वर्षं मी धान्याच्या कोठीवर मापाडी होतो.
मूठभर मका घेऊन ओल सांगायचो,
यंत्र मागाहून तेच सांगायचं.
घरात पुस्तकं दोन, बायबल आणि ट्रॅक्टरचं.
आता सत्तरीत प्रत्येकाच्या दोन प्रती घेतो.
तिची दुकानातच राहते.
दुसरी मी स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली आधी वाचून काढतो.
वाचतो कसला, निवडतो.
ओळीओळीवरून बोट फिरवत, खडा शोधत.

खडा म्हणजे
प्यायलेली बाई. रात्रीचा रस्ता. फुटलेली काच.
सायकल.
सायकल तर नकोच.
आणि नऊ वर्षांचं कुणी नको.

मेंढपाळाची गोष्ट बरी चालली होती.
पान दोनशे तीसवर त्याचा भाचा सायकल शिकायला लागला.
काडेपेटीतली काडी घातली, मिटवलं.
मग बोटीवरच्या आचाऱ्याची.
समुद्र आहे, म्हटलं, तिथे रस्ता कुठला.
आचारी प्यायचा.
मग जुन्या काळातली एक संन्यासिनी,
चर्चच्या भिंतीत स्वतःला चिणून घेतलेली.
ते माझ्याच्यानंच वाचवेना.

मार्च गेला. क्रौंच गेले. शेजाऱ्यानं मका पेरला.
ओपलच्या फळीवर माझ्या नावानं सात पुस्तकं,
रवाना एकही नाही.

मंगळवारी फोन. पंधरा मिनिटं,
त्यातलं एक यंत्रातल्या बाईचं.
"डॅड, पुस्तक?"
बघतोय, म्हटलं.
"काय बघताय?"
मी गप्प. पलीकडे कुणाचं तरी हसणं, मग दार.
"इथे टपाल उघडायला एक माणूस आहे," ती म्हणाली.
"दुसरा नकोय मला."
आणि जरा थांबून,
"टोबीचं नाव मी रोज घेते, डॅड. एकटीच घेते.
पुस्तकात कुणी सायकलवरून आला तर येऊ दे."
यंत्रातली बाई बोलायला लागली.

तिची आई फोनपाशी येत नाही. दोन वर्षं झाली.
मंगळवारी सातला ती तळघरात कपडे धुवायला उतरते.
धुणं असो नसो, मशीन चालू झाल्याचं ऐकू येतं.

बुधवारी ओपलला मेंढपाळ बांधायला सांगितला,
भाच्यासकट.
मी काउंटरपासून लांब उभा, हात खिशात.
चिकटपट्टी फाडल्याचा आवाज तेवढा ऐकला.

घरी आलो. माझी प्रत खिडकीत होती.
दोनशे तीसवर काडी, जशीच्या तशी.
आणि पुढे, दोनशे एकोणऐंशीवर,
किराण्याची पावती.
अंडी, साबण, परवाची तारीख.

विचारलं नाही.
काडी होती तिथून पुढे वाचायला बसलो.
तिला गाठायला एकोणपन्नास पानं.